घरासाठी देशी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कसा निवडावा?



यंत्रांविषयीचा लेख विज्ञानाच्या शिक्षकांनी लिहावा, असा वार्षिकांचा प्रघात असतो. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. वर्गात व्याकरण आणि इतिहास शिकविणारे. तरीही या विषयाला हात घालण्याचे धाडस करीत आहोत, याचे कारण एवढेच की अशा एका यंत्राने आमचे दोन महिन्यांचे वेतन गिळले, आणि ते का गिळले हे समजून घेण्यासाठी आम्हांला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांनी आमची गणिते तपासून दिली आहेत. तेव्हा आकडे त्यांच्या भरवशाचे आणि चुका आमच्या अनुभवाच्या, असे समजून वाचावे.

आमच्या घरी बोलणे कोंकणी, वाचन मराठी आणि करमणूक गाण्याची. वडिलांनी जन्मभर जमविलेल्या तबकड्या कपाटात आहेत. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ ही सारी आपल्याच गोमंतकाची माणसे. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली. आमच्या ओसरीवर मात्र तिला धड जागा मिळेना. आजोबांच्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओग्राम वाळवीने संपविला होता, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाबांना ‘तसला’ आवाज पुन्हा ऐकावयाचा होता. आम्ही घाईघाईने परदेशी बनावटीचा एक सुरेख दिसणारा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर दूरच्या विक्रेत्याकडून मागविला. काचेच्या नळ्या नारिंगी उजेडाने तेवू लागल्या. मुले टाळ्या पिटू लागली. बाबांनी पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “हें गाणें न्हय, हो बोवाळ!” आठ महिन्यांनी, ऐन चवथीच्या संध्याकाळी, माटोळीखाली जळक्या वार्निशचा वास सुटला आणि यंत्र कायमचे मुके झाले. विक्रेत्याने पत्राला उत्तर दिले नाही. गावातील रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने झाकण उघडून पाहिले आणि मान हलविली.

त्या यंत्राचे काय चुकले, हे कळण्यासाठी प्रथम यंत्राचे अंतरंग पाहिले पाहिजे.

तबकडीवरील सुईकडून, रेडिओकडून किंवा हल्ली मोबाइलकडून येणारा विद्युत्संदेश इतका क्षीण असतो की त्याने स्पीकरचा पडदा हलत नाही. त्याला बळ देणारे यंत्र ते ॲम्प्लिफायर. त्याची दोन अंगे असतात. एक अंग कोणते गाणे घ्यावयाचे ते निवडते आणि आवाज लहानमोठा करते; दुसरे स्पीकर हलविण्याइतकी शक्ती पुरविते. दोन्ही अंगे एकाच पेटीत असली म्हणजे तो इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. घरासाठी हाच सोयीचा, कारण तारांचा गुंता कमी आणि दोन अंगांचा मेळ बनविणाऱ्यानेच घातलेला.

आता व्हॉल्व्ह. खाजन शेताच्या बांधातील मानस तुम्ही पाहिली असेल. एका माणसाने फळी चार बोटे वर उचलली की खाडीचे प्रचंड पाणी त्याच्या इच्छेप्रमाणे आत येते अथवा अडते. पाण्याचा जोर खाडीचा, हुकूम फळीचा. निर्वात काचनळीत हेच घडते. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि शेकडो व्होल्टच्या धन दाबावर असलेल्या ॲनोडकडे धाव घेतात. वाटेत ग्रिड नावाची बारीक जाळी असते. जाळीवरील दाब किंचित बदलला की तो मोठा प्रवाह त्याच लयीत कमीजास्त होतो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची नळी केली; १९०६ च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीत जाळी घातली. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पंचवीसएक वर्षांत त्याने घराघरांतून व्हॉल्व्हला बाहेर काढले.

मग आज व्हॉल्व्ह घ्यावा तरी का? येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की तेवढ्याच पैशांत ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर अधिक शक्ती देतो, कमी वीज खातो आणि मोजमापात अधिक निर्दोष असतो. व्हॉल्व्हची गोडी निराळ्या ठिकाणी आहे. कोणताही ॲम्प्लिफायर मूळ स्वरात आपल्या पदरचे थोडे मिसळतोच. साध्या, एकट्या व्हॉल्व्हच्या रचनेत ही भेसळ मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची असते, म्हणजे षड्जात तार षड्ज मिसळतो. तिप्पट कंपनसंख्या आली तर तो तार सप्तकातला पंचम. तंबोरा स्वतः हेच स्वर देत असतो, म्हणून कानाला ही भेसळ परकी वाटत नाही. सातपट कंपनसंख्या मात्र आपल्या कोमल निषादाच्याही किंचित खाली, बेसूर जागी पडते. ती थोडीही असली तरी खटकते. भेसळ किती याबरोबरच कोणती, हेही पाहावे लागते ते यासाठी. अर्थात व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीपलीकडे ताणले की ही सारी सभ्यता संपते आणि बाबांच्या शब्दांतला बोवाळ उरतो.

तो बोवाळ आमच्याकडे का झाला, याचे उत्तर स्पीकरच्या मागील पट्टीवर लिहिलेले होते. आम्ही ते वाचलेच नव्हते. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. आमच्या छोट्या, देखण्या स्पीकरचा आकडा होता ८४. ॲम्प्लिफायर होता ५ वॅटचा, तोही विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे. शक्ती दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, पाचपट झाली की ७ ने, दहापट झाली की १० ने; आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी भासते. म्हणजे आमच्या जोडीची धाव ८४ अधिक ७, एकूण ९१ डेसिबलपर्यंत. ऐकणारा तीन मीटर दूर, वर मंगळुरी कौले, समोर ओसरी उघडी. आणि तान वरच्या षड्जावर पोचली की क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट शक्ती लागते. ती आमच्याजवळ नव्हती. याउलट ९१ डेसिबलचा स्पीकर असता तर त्याच ५ वॅटांत आम्हांला २५ वॅटांचे काम मिळाले असते. तेव्हा पहिला नियम असा की आधी स्पीकर पाहावा आणि मग ॲम्प्लिफायर. बहुतेक लोक उलट करतात, आम्हीही केले.

दुसरी चूक घरातील विजेची. त्या यंत्राच्या पाठीवर २२० व्होल्ट असे छापलेले होते. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, आणि आमच्या वाड्यावर रात्री दहानंतर, शेजारचे पंप बंद झाले की मीटरचा काटा २५० वर जातो. आता त्रैराशिक मांडा. व्हॉल्व्हची वात ६.३ व्होल्टवर तापावी अशी रचना असते. २२० ला ६.३, तर २५० ला किती? उत्तर ७.१६. म्हणजे वात जवळजवळ चौदा टक्के अधिक दाबावर जळत होती. ॲनोडचा दाबही त्याच प्रमाणात चढला होता. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने ओतप्रोत भरून गुणगुणत होता, तापत होता. आम्ही ती गुणगुण ‘व्हॉल्व्हचा स्वभाव’ म्हणून कौतुकाने ऐकत होतो. आठ महिने टिकला हेच आश्चर्य.

यात परदेशी बनावट म्हणून ती वाईट, असा अर्थ कोणी घेऊ नये. चांगल्या परदेशी यंत्रांची कारागिरी अव्वल असते. प्रश्न आपल्या विजेचा, आपल्या हवेचा आणि बिघाड झाल्यावर कोणाच्या दारी जावे याचा आहे.

मग देशी म्हणजे नेमके काय देशी? येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. व्हॉल्व्ह स्वतः आता देशी मिळत नाहीत. १९५४ साली बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६० नंतर फिलिप्सच्या सहकार्याने तिने रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. देशभरच्या रेडिओंत ते होते, आणि जुन्या दुकानांत ‘बेल’ छापाची एखादी नळी अजून सापडते. परंतु ते उत्पादन केव्हाच थांबले. आज असले व्हॉल्व्ह मुख्यतः रशियातील सराटोव्ह, स्लोव्हाकियातील चाद्त्सा आणि चीन येथून येतात. २०२२ साली युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा पुरवठा काही काळ अडला, तेव्हा जगभर भाव चढले. म्हणून ज्या ॲम्प्लिफायरमध्ये ईएल ८४, ईएल ३४, ईसीसी ८३ असे सर्वत्र बनणारे व्हॉल्व्ह असतील तोच घ्यावा. एकाच कारखान्यात होणारी किंवा जुन्या साठ्यातील दुर्मिळ नळी कितीही रुबाबदार असो, तिच्या मागे लागू नये. व्हॉल्व्ह हा झिजणारा भाग आहे. शक्तीचे व्हॉल्व्ह काही हजार तास चालतात आणि मग बदलावेच लागतात.

खरे देशी असते ते लोखंड आणि तांबे. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा जीव आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो, आणि हा भाग आपल्या देशातील कारागीर उत्तम गुंडाळू शकतो. त्याचे काम पाहा. एकट्या ईएल ८४ व्हॉल्व्हला २५० व्होल्ट आणि ४८ मिलिॲम्पियर दिले असता तो साडेपाच वॅटच्या आसपास शक्ती देतो. पण समोर ५२०० ओहमचा भार असेल तर. आपला स्पीकर ८ ओहमचा. ५२०० ला ८ ने भागले तर ६५० येतात. त्याचे वर्गमूळ साडेपंचवीस. म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूला साडेपंचवीस फेरे तेव्हा स्पीकरच्या बाजूला एक, या प्रमाणात तार गुंडाळावयाची. एवढे तर कोणीही करील. कठीण ते पुढे आहे. खालचे स्वर नीट जावयाचे तर फेरे पुष्कळ आणि गाभा मोठा हवा. वरचे स्वर जावयाचे तर दोन्ही वेटोळी एकमेकांत थरांथरांनी गुंफलेली हवीत. एक साधताना दुसरे निसटते. गाभ्याचा पत्रा उत्तम प्रतीचा, ज्याला धंद्यात सीआरजीओ म्हणतात तो लागतो. ज्याला पैसे वाचवावयाचे असतात तो येथेच वाचवितो, कारण ट्रान्सफॉर्मरवर सुबक रंगीत टोपी असते आणि आत किती लोखंड आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

मात्र ते कळण्याचे दोन उपाय आहेत. एक, यंत्र उचलून पाहावे. हलके असेल तर सावध व्हावे. दुसरा उपाय अधिक खात्रीचा. विक्रेता सांगतो ते वॅट बहुधा १००० हर्ट्झवर मोजलेले असतात. त्याला विचारावे, “४० हर्ट्झवर किती वॅट मिळतात?” लहान गाभा असलेला ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांवर लवकर दम टाकतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते; डग्ग्याचा घुमारही त्याच्या आसपासचा. हा आकडा ज्याने मोजलेला आहे तो कारागीर आनंदाने सांगतो. ज्याने मोजलेला नाही तो व्हॉल्व्हच्या उजेडाविषयी बोलू लागतो.

असा एक कारागीर आम्हांला पुढे बेळगावात भेटला. चोर्ला घाट चढून, मोटारीच्या पाठीमागे जळालेले यंत्र घेऊन आम्ही गेलो. घरच्याच माळ्यावर त्यांचे कामाचे टेबल, शेजारी तार गुंडाळण्याचे यंत्र. आमची हकीकत ऐकण्याआधीच त्यांनी तीन प्रश्न विचारले: स्पीकर कोणता, खोली केवढी, आणि ऐकता काय? किंमत आम्ही विचारल्यावरच सांगितली. नंतर म्हणाले, “मास्तर, आधी ते स्पीकर बदला. जुने, मोठ्या पडद्याचे, नव्वदच्या वरचे मिळाले तर पाहा. मग दहा वॅट पुष्कळ झाले.” त्यांनी ईएल ८४ चे दोन दोन व्हॉल्व्ह प्रत्येक बाजूस जोडीने काम करतील अशी पुश-पुल रचना सुचविली. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या मलार्ड कंपनीने ‘पाच-दहा’ नावाचा, म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅटचा, नकाशा प्रसिद्ध केला होता. ही रचना त्याच कुळातली. पॉवर ट्रान्सफॉर्मरला त्यांनी २३० आणि २५० अशी दोन टोके ठेवली. गुंडाळून झाल्यावर त्याला निर्वातात वार्निश पाजले, कारण गोव्याच्या पावसाळ्यात कोरड्या गुंडाळीत दमट हवा शिरते आणि पुढल्या वर्षी तार तुटते. व्हॉल्व्हचे बायस आपोआप राहील अशी सोय केली. वारंवार स्क्रू फिरवून ते जुळवावे लागणारे यंत्र घरगुती माणसाने घेऊ नये, असे त्यांचे मत, आणि आम्हांला ते पटले. तबकड्यांसाठी फोनोची वेगळी पायरी लागते. पुष्कळ ॲम्प्लिफायरांत ती नसते आणि गिऱ्हाईक घरी आल्यावर हळहळते. तीही त्यांनी आत घातली. आणि बजावले की ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना एल्‌पीची सुई चालत नाही, जाड टोकाची निराळी लागते.

चार महिने थांबावे लागले. यंत्र दिसावयास साधे आहे; आमच्या मुलीने त्याला ‘पोळीचा डबा’ असे नाव ठेवले आहे. पहिल्या रात्री बाबा खुर्ची ओढून बसले. एक बाजू संपली. त्यांनी काही म्हटले नाही. उठले आणि तबकडी उलटी केली.

आता थोडे धोक्याविषयी, कारण हा लेख मुलांच्या हाती पडणार आहे. या पेटीत २५० ते ४५० व्होल्टपर्यंतचा दाब असतो, आणि बटण बंद करून वायर काढली तरी आतील कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. झाकण उघडणे हे जाणत्याचे काम. तुम्ही कितीही हुशार असलात तरी तुमचे नव्हे. स्पीकर न जोडता यंत्र कधीही चालू करू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये भलताच दाब उसळून गुंडाळी जळू शकते. व्हॉल्व्हवर जाळीचे आवरण असावे. ते लहान बोटांसाठी जितके, तितकेच पालींसाठीही. ऊब पाहून त्या येतात आणि स्वतःबरोबर फ्यूजही घेऊन जातात. वर आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवावी, फडताळात कोंडू नये.

विजेचा खर्च फार नाही. चार ईएल ८४ च्या वाती मिळून १९ वॅट, ॲनोडचे जवळपास ५० वॅट, बाकी फुटकळ. आमचे यंत्र ९० वॅटच्या आसपास घेते. रोज तीन तास धरले तर महिन्याला आठ युनिटे.

मागच्या जूनमध्ये उजव्या बाजूने करकर ऐकू येऊ लागली. आमच्या छातीत धस्स झाले. चवथीची आठवण ताजी होती. बेळगावला फोन केला. “बंद करा, वायर काढा, तासभर थंड होऊ द्या. मग दोन्ही बाजूंचे लहान व्हॉल्व्ह आपसांत बदला. करकर डावीकडे गेली तर व्हॉल्व्ह वाईट, उजवीकडेच राहिली तर माझ्याकडे घेऊन या.” करकर डावीकडे गेली. नवा व्हॉल्व्ह टपालाने आला.

घरी ॲम्प्लिफायर घेण्याचा कोणाचा विचार असेल, तर पालकांसह शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे ऐकावयास यावे. येताना आपल्या ओळखीची, अनेकदा ऐकलेली एक तबकडी आणावी, कारण अनोळखी गाण्यावर यंत्राची परीक्षा होत नाही. आणि आपल्या स्पीकरच्या मागील पट्टीवरचे दोन आकडे, ओहम आणि डेसिबल, कागदावर लिहून आणावे.